उरलेला मजकूर

स्वतःबद्दल बायकोने लिहिलेलं काही वाचायची वेळ ललित खंडारेवर लग्नानंतर पहिल्यांदाच आली, आणि तीसुद्धा रविवारी दुपारी, पोटभर जेवण झाल्यावर, पंख्याखाली बनियनवर बसलेला असताना. पडद्यावर सन्मानपत्र होतं. वर विहाराचं नाव, मध्ये पिंपळाचं सोनेरी पान आणि पानाखाली मजकुरासाठी एकाखाली एक ठेवलेल्या तीन पट्ट्या. पहिल्या पट्टीत होतं, ‘ध्वनिक्षेपक व संगणकाची कामे ललित खंडारे यांनी वेळेवर केली.’ एवढं ठीक होतं. एवढ्याची त्याला कल्पना होती. पण दुसऱ्या पट्टीत होतं, ‘त्यांच्या शांत स्वभावामुळे बाकीच्यांनाही शांत बसता आले.’ आणि तिसरीत, ‘असा माणूस जवळ असला की फार बोलावे लागत नाही.’ त्याने ते वाचलं. मग खुर्ची थोडी पुढे ओढून पुन्हा वाचलं. घरात कोणी नव्हतं. त्याची बायको दीपमाला अजून विहारातच होती, समारोपाच्या तयारीची बैठक चालू होती. बाहेर अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्याच्या गल्लीत ऑक्टोबरचं ऊन भाजत होतं आणि कुणीतरी स्कूटीला किक मारून मारून थकलं होतं. ललितला उगाचच वाटलं की उठून त्या माणसाची स्कूटी सुरू करून द्यावी.

सन्मानपत्रं वर्षावासाची होती. आषाढाच्या पौर्णिमेपासून आश्विनाच्या पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालायचं आणि शेवटच्या दिवशी वाचणाऱ्यांना, झाडणाऱ्यांना, पाणी भरणाऱ्यांना, सगळ्यांना एकेक कार्ड मिळायचं. मजकूर महिला मंडळाची सचिव म्हणून दीपमालाने लिहायचा, कारण ती शाळेत शिकवते आणि तिचं मराठी चांगलं. तो कार्डांवर चढवायचा ललितने, कारण तो विद्यापीठात संगणकावर असतो आणि नाही म्हणत नाही. इतकी वर्षं ते सोपं होतं. एकेक वाक्य असायचं, पहिल्या पट्टीत मावायचं, खालच्या दोन पट्ट्या रिकाम्या राहायच्या आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. यंदा अनुप तेलगोटे आला. तो दर रविवारी अकोल्याहून येऊन वाचायचा, आणि त्याच्यावर दीपमालाने जे लिहिलं ते एका पट्टीत मावेना.

तो मजकूर ललितने वाचलेला नव्हता. हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं, पण तसंच होतं. दीपमालाने मोबाइलवर सगळ्यांचा मजकूर एकदम पाठवला, ललितने तो उचलून तक्त्यात टाकला, आणि अनुपच्या नावापुढे तो लांबलचक तुकडा दिसताच त्याने नजर काढून घेतली. दुखऱ्या दाताला जीभ लागू नये म्हणून माणूस जपतो, तसं. लांबी मात्र त्याने पाहिली. लांबी पाहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्याच संध्याकाळी कणीक मळणाऱ्या दीपमालाजवळ जाऊन तो म्हणाला होता, “एकाचं बम मोठं झालं. पट्टीत मावून नाई राह्यलं. कमी कर.”

“कोणाचं?”

“अनुपभाऊचं.”

“त्यातला एकबी शब्द कमी होत नाई,” दीपमाला परातीतून मान वर न करता म्हणाली. “जागा नसंन त जागा करा. तुमी कॉम्प्युटरवाले ना?”

आणि त्याने केली. त्याचा स्वभावच तो. रागाने धुमसत त्याने ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत बसून स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने पाळायच्या सूचना, लिहिली. मजकूर घ्यायचा, पहिल्या पट्टीत किती मावतो ते मोजायचं, पट्टी भरली की मागे सरकत सरकत दोन शब्दांमधली शेवटची मोकळी जागा शोधायची, तिथे तोडायचं, उरलेला दुसऱ्या पट्टीत घालायचा, तिथूनही उरला तर तिसरीत. शब्द मध्येच मोडायचा नाही. जोडाक्षरं जास्त जागा खातात, त्यांचा हिशेब वेगळा. काम जमलं तेव्हा त्याला आनंदही झाला, आणि आनंद झाला याचाच राग आला. आपल्या बायकोने परक्या पुरुषाचं केलेलं कौतुक सांडू नये म्हणून आपण भांडी लावून बसलोय, असं त्याला वाटलं. विद्यापीठाच्या कँटीनचा गार झालेला समोसा त्याने तसाच टाकून दिला.

परका म्हणायलाही अनुप परका नव्हता, हीच तर पंचाईत होती. पाटबंधारे खात्यात नोकरी, बोलणं मऊ, कपडे साधे, आला की आधी म्हाताऱ्यांना वाकून जय भीम करणार. त्याची बायको शालू अकोल्यात असते, तिच्याबद्दलही तो चारचौघात चांगलंच बोलतो. ललितने तीन महिने बारीक नजर ठेवून त्याच्यात काही वावगं सापडतं का ते पाहिलं. काही सापडलं नाही. एखाद्या माणसात काही म्हणजे काहीच वावगं न सापडणं याच्याइतकं जाळणारं दुसरं काही नसतं. तो वाचायला लागला की विहारातली पोरंटोरंसुद्धा गप्प व्हायची. घाई नाही, आवाज चढवणं नाही, अवघड शब्द आला तर थांबून, जणू तो शब्द समोरच्याच्या हातात ठेवून पुढे जायचं. दीपमाला पहिल्या रांगेत बसायची. ललित मागे, भिंतीला टेकून, ॲम्प्लिफायरच्या बटनांपाशी. तिथून त्याला बायकोची पाठ दिसायची. पंधरा मिनिटं, अर्धा तास ती पाठ हलायची नाही. घरी मात्र तीच बाई एका जागी कधी बसत नाही. टीव्ही बघतानासुद्धा उठून काहीतरी पुसून येते. त्या न हलणाऱ्या पाठीकडे बघत ललितने किती रविवार काढले. एकदा तर त्याच्या मनात आलं की आवाजाचं बटन हळूच खाली करावं आणि बघावं, पाठ हलते का. केलं नाही. पण बोट बटनावर होतं.

बटनांपाशी बसणं हे खंडाऱ्यांच्या घरात वडिलांपासूनचं. देवराव खंडारे दर्यापुरात लग्नाला, जयंतीला साउंड लावायचे. शाळेत असताना एकदा जयंतीच्या स्टेजवर छोट्या ललितला भाषणाला उभं केलं होतं. पाठ केलेलं चार ओळींत संपलं, म्हणजे संपलं नाही, अडकलं, आणि समोर सगळं दर्यापूर वाट बघत राहिलं. देवरावांनी शेवटी गाण्याची कॅसेट सुरू केली. परतताना मोंढ्याच्या रस्त्याला ते म्हणाले, “जाऊ दे बे. बोलाले लोकं बम हायेत. वायर जोडाले पाहिजे कोणीतरी.” ते प्रेमाने म्हणाले होते. ललितने ते इतकं मनावर घेतलं की तेव्हापासून तो वायरीच जोडतो आहे. पुढे बाळापूरला मुलगी बघायला गेले तेव्हाही तेच. पोहे आले, चहा आला, थोरांचं शेतीवर, बदल्यांवर बोलून झालं, ललित बशीतले शेंगदाणे मोजत बसलेला. शेवटी दीपमालाच म्हणाली, “तुमी बोलत नाई का?” तो म्हणाला, “बोलतो ना.” आणि पुन्हा गप्प. ही गोष्ट ती आजही सगळ्यांना सांगते. त्याची नक्कल करून सांगते, आणि लोक हसतात, तोही हसतो. पण घरात दोघंच असताना तेच वेगळ्या सुरात येतं. “भिंतीशी बोलल्यासारखं वाटते मले,” असं ती एकदा म्हणाली होती, हसत नव्हती.

आणि आज त्याच बाईने लिहिलं होतं, असा माणूस जवळ असला की फार बोलावे लागत नाही. ललितने तिसऱ्यांदा वाचलं. पहिल्या पट्टीत ‘केली’च्या पुढे बोटभर जागा रिकामी होती. तिथे ‘त्यांच्या शांत’ आरामात मावलं असतं, मग स्क्रिप्टने ते खाली का ढकललं, अशी एक शंका त्याच्या डोक्यात माशीसारखी येऊन बसली. जोडाक्षरांचा हिशेब थोडा चुकला असेल, असं म्हणून त्याने ती उडवून लावली. एरवी असली माशी त्याने मारल्याशिवाय सोडली नसती. पण माणसाला हवं ते समोर लिहिलेलं असलं की तो अक्षरांमधल्या जागा मोजत नाही. पुढची कार्डं त्याने उघडलीच नाहीत. काय बघायचं होतं त्यांत? सगळी एकदम पेन ड्राइव्हवर घेतली आणि अंगात शर्ट घालून चहा ठेवला. दोन कप.

दीपमाला आली तेव्हा तिच्या साडीला विहारातल्या उदबत्तीचा वास होता. तिने पर्स खुंटीला लावली आणि कपांकडे पाहिलं. “आज कायचा चहा?”

“असाच.” मग त्याने सगळं बळ एकवटून म्हटलं, “तू लिहिलेलं वाचलं मी.”

ती पदराची पिन काढत होती, तिचा हात थांबला. “वाचलं?”

“हो.”

“राग त नाई आला तुमाले?”

“राग कायचा? तू इतकं चांगलं लिहितं हे मलेच मालूम नव्हतं.”

“मले वाटलं, तुमी तोंड फुगवून बसान.” ती हळूहळू खाली बसली. “म्हनून म्या वाचून नाई दाखवलं. मनात होतं ते लिवलं. चांगल्या माणसाले चांगलं म्हणाले काय लपवाचं?”

“बरं केलं,” ललित म्हणाला. त्याला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. चांगल्या माणसाला. दीपमालाने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, जसं काही घरात एखादं नवीन दार सापडलं आहे, आणि मग त्याच्या मनगटावर हात ठेवला. “तुमी असे असान असं वाटलं नव्हतं मले,” ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने बेसनाच्या पातोड्यांची भाजी केली. ती करायला वेळ लागतो, म्हणून वर्षातून दोनदा होते. वाढताना ती गुणगुणत होती. ललितने तीन वेळा रस्सा घेतला आणि अनुप तेलगोटेला मनोमन माफ करून टाकलं. काय केलं होतं बिचाऱ्याने? चांगलं वाचतो, लोक ऐकतात. लिहिला असेल त्याच्यावर लांबलचक मजकूर, पाहुण्यांवर लिहावंच लागतं. पाहुण्याला जास्त वाढतात, घरच्या माणसाला मोजकं पण त्याच्या आवडीचं.

सोमवारी रजा टाकून तो अकोल्याला निघाला. कोरी कार्डं अनुपच्याच ओळखीच्या अकोल्यातल्या प्रेसमध्ये होती, तिथेच मजकूर चढवायचा होता. बस बडनेऱ्याला रिकामी झाली, मूर्तिजापूरला गच्च भरली. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली रानं, मध्येच तुरीचे हिरवे पट्टे, बोंडं फुटायला लागलेली कपाशी. ललित खिडकीशी होता. शेजारच्या माणसाने मान त्याच्या खांद्यावर टाकून झोप काढली, तरी त्याने खांदा हलवला नाही. असा माणूस जवळ असला की, असं त्याच्या मनात आलं आणि तो स्वतःशीच हसला. मग त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं उगाच स्वतःला कमी लेखलं. गप्प बसणंसुद्धा कोणाला पोचतं. पहिल्या रांगेतली ती पाठ, कोण जाणे, मागे बटनांपाशी आपण आहोत म्हणूनच तशी निवांत बसत असेल. बोरगावजवळ बस थांबली तेव्हा त्याने शेंगदाण्याची पुडी घेतली. हे शेंगदाणे त्याने मोजले नाहीत.

अनुप स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभाच होता. “जय भीम, ललितभाऊ. जेवण झालं का?” ललितने त्याचा हात चक्क दोन्ही हातांत घेतला. अनुपला त्याचं नवल वाटलं असावं, पण त्याने दाखवलं नाही. टॉवर चौकातून गल्लीबोळांतून नेऊन त्याने ललितला प्रेसवर सोडलं आणि ऑफिसला तोंड दाखवून येतो म्हणून गेला. प्रेस म्हणजे दोन खोल्या. शाईचा वास, कोपऱ्यात लग्नपत्रिकांचे गठ्ठे, आणि संगणकावर रागिणी नावाची मुलगी, कानात बारीक रिंगा, हात भराभर चालणारा. आधी साध्या कागदावर नमुने काढू, मग कार्डांवर, असं ती म्हणाली. नमुने निघायला लागले. ललित दारात उभा राहून रस्ता बघत होता.

“भाऊ,” रागिणीने आतून विचारलं, “ह्या माणिकबाई कोण व्हय?”

“आमच्या विहारातल्या. काहून?”

“नाई, लय शांत दिसते बाई.”

ललितला हसू आलं. माणिकबाई वाकोडे बोलायला लागली की माइक लागत नाही, उलट असलेला बंद करावा लागतो. विहार झाडता झाडता ती पलीकडच्या गल्लीतल्या सुनेशी भांडू शकते. हसतच तो आत आला आणि कागद हातात घेतला. ‘विहाराची स्वच्छता व पाण्याची व्यवस्था माणिकबाई वाकोडे यांनी पाहिली.’ खाली, ‘त्यांच्या शांत स्वभावामुळे बाकीच्यांनाही शांत बसता आले.’ त्याच्या खाली, ‘असा माणूस जवळ असला की फार बोलावे लागत नाही.’ पुढचा कागद मांडववाल्या पुंजारामचा होता. खाली तेच. त्याच्या पुढच्यावर तेच. रागिणी म्हणाली, “तुमच्यावरबी हेच हाय. आन् तुमच्याआधी ते तेलगोटे साहेब हायेत ना, त्यायच्यावरबी हेच. त्यायच्याआधीच्यायवर काही नाई.”

ललित खाली बसला. खुर्ची नव्हती, पत्रिकांचा गठ्ठा होता, त्यावर बसला. त्याला समजवायला कोणाची गरज नव्हती. ती स्क्रिप्ट त्याचीच होती आणि त्यातली ती ओळ त्याला आता उघड्या डोळ्यांनी दिसत होती. मजकूर उरला तर पुढच्या पट्टीत लिही, असं त्याने लिहिलं होतं. नाही उरला तर काय, हे लिहिलंच नव्हतं. नाही उरला तर पट्टी पुसून कोरी कर, एवढी एक ओळ. ती नव्हती म्हणून अनुपचा उरलेला मजकूर पट्ट्यांत तसाच बसून राहिला होता, आणि त्याच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या नावाखाली दिसत होता. वाचणाऱ्यांत अनुप शेवटचा, मदत करणाऱ्यांत ललित पहिला. सगळ्यात आधी तो त्याच्यावर सांडला होता. ती बोटभर रिकामी जागा त्याला आठवली. उडवून लावलेली माशी आठवली.

मग बाकीचं आठवायला लागलं, आणि ते जास्त वाईट होतं. पदराच्या पिनेवर थांबलेला हात. राग त नाई आला तुमाले? चांगल्या माणसाले चांगलं म्हणाले काय लपवाचं? ती अनुपबद्दल बोलत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत अनुपबद्दल बोलत होती, आणि तो मान डोलावत होता, बरं केलं म्हणत होता. मनगटावरचा हात अनुपसाठी होता. म्हणजे ललितसाठीच होता, पण कोणत्या ललितसाठी? बायकोने दुसऱ्याचं मन भरून कौतुक केलं तरी ज्याच्या पोटात दुखत नाही अशा एका दिलदार माणसासाठी. तो माणूस काल संध्याकाळी चहाच्या कपापुढे पाच मिनिटं होता आणि दीपमालाला आवडला होता. इतका की तिने पातोड्या केल्या. तोंडात त्या रश्श्याची चव आली. मोटरसायकलवर मागे बसून अनुपच्या खांद्याला धरलेला आपला हात त्याने पँटला पुसला. आवाज त्याचा, रविवार त्याचे, पहिल्या रांगेतली पाठ त्याची, आणि आता हे तीन पट्ट्यांतलं बोलणंही त्याचंच. आपल्या वाटणीला काय, तर वेळेवर केली.

“भाऊ, मी उठू का? तुमी बसता?” रागिणीने विचारलं. तो तिच्या खुर्चीवर बसला. स्क्रिप्ट उघडली. त्याला वाटलं, अनुपचा मजकूर पहिल्या पट्टीतच तोडावा. एक आकडा बदलायचा, बस. सगळ्यांना एक वाक्य, त्यालाही एक वाक्य. त्याने तो आकडा बदललासुद्धा. पडद्यावर अनुपचं कार्ड एका वाक्यावर आलं, आणि क्षणभर त्याला इतकं बरं वाटलं की लाजच वाटली. पण ते निभणार नव्हतं. समारोपाला कार्डं दीपमालाच वाचणार होती, तिने लिहिलेला शब्द न् शब्द तिला पाठ असणार. त्याने आकडा परत पहिल्यासारखा केला. मग ती न लिहिलेली ओळ लिहिली, उरलं नाही तर पट्टी कोरी कर. माणिकबाई, पुंजाराम, सगळ्यांच्या पट्ट्या कोऱ्या झाल्या. त्याचीही झाली. ‘वेळेवर केली’, आणि खाली पांढरंफेक. त्या पांढऱ्याकडे तो बघत राहिला. आणि मग त्याने स्क्रिप्टमध्ये आणखी अर्धी ओळ घातली, एक नाव वगळून. स्वतःचं. अनुपची ती दोन वाक्यं त्याच्या नावाखाली परत आली.

का घातली हे त्याला विचारलं असतं तर त्याने यंत्राची चूक असं सांगितलं असतं, तयारच ठेवलं होतं. पण आत त्याला नीट माहीत होतं. दीपमाला माइकवर वाचते तेव्हा समोर लिहिलेलं असेल ते वाचत जाते, मग थांबते. तेवढ्या वेळात ती वाचून गेली तर. एकदाच, तिच्या तोंडून, त्याच्या नावाखाली, सगळ्यांसमोर. उसनं का असेना. “छाप,” तो रागिणीला म्हणाला.

अनुप परत आला तेव्हा कार्डं टेबलावर वाळत होती. “माह्यावर काय लिहिलं ताईनं?” म्हणत त्याने आपलं कार्ड उचललं आणि वाचलं. मग म्हणाला, “शांत कायचा, ललितभाऊ? घरी येऊन शालूले विचारा एकदा.” आणि हसत कार्ड खाली ठेवायला वाकला. खाली ललितचं कार्ड होतं. ललित पुढे होईपर्यंत उशीर झाला होता. अनुपने ते कार्ड पाहिलं. पहिली पट्टी, दुसरी, तिसरी, त्याचे डोळे खाली उतरताना ललितला दिसले. पुन्हा आपल्या कार्डाकडे गेले. मग अनुपने दोन्ही कार्डं बाकीच्या कार्डांत नीट लावली, कडा जुळवल्या, रबर चढवलं आणि गठ्ठा ललितच्या हातात दिला. “चला, चहा घेऊ. तुमची बस हाय अजून.” चहा घेताना तो मोर्णा नदीच्या पाण्यावर, पावसावर, अमरावतीच्या गर्दीवर बोलला. विचारलं असतं तर ललितने यंत्राची चूक सांगितली असती. पण तो विचारेना. त्याच्या शांत स्वभावामुळे ललितलाही शांत बसता आलं, आणि हे ध्यानात येताच त्याने उरलेला चहा तसाच ठेवला. दीपमालाने खरंच लिहिलं होतं. अक्षर न् अक्षर खरं. खोटं असतं तर किती सोपं झालं असतं.

पौर्णिमेला विहार भरून गेला. ललितने दुपारपासून वायरी जोडल्या, माइक तपासला, भिंतीशी आपल्या जागेवर बसला. दीपमाला पांढऱ्या साडीत होती. एकेक नाव घेऊन ती कार्डावरचं वाचायची, माणूस पुढे यायचा, टाळ्या. अनुपचं आलं. तिने सावकाश वाचलं, थोडंसं त्याच्याच पद्धतीने, थांबत थांबत, शब्द समोरच्यांच्या हातात ठेवत. शेवटचं वाक्य वाचताना तिने मागे ललितकडे पाहिलं आणि ती हसली. कालच्यासारखी, परवासारखी, दिलदार माणसाकडे बघून हसावं तशी. ललितला वाटलं, आत्ता वायर काढावी. आत्ता. पण ती पुढचं नाव घेत होती.

“ध्वनिक्षेपक व संगणकाची कामे ललित खंडारे यांनी वेळेवर केली,” तिने वाचलं. “त्यांच्या...” आणि ती थांबली.

तो एक शब्द स्पीकरमधून सगळ्या विहारात गेला आणि तसाच राहिला. लोकांना वाटलं माइक गेला. ललितचा हात सवयीने बटनाकडे गेला, पण बटनात काही बिघाड नव्हता. दीपमाला कार्डाकडे बघत होती. तिला किती वेळ लागला कोण जाणे. ती बाई हुशार आहे. तिने मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. तिला सगळं कळलं होतं, त्या रविवारच्या चहाचंही. ललितने नजर दुसरीकडे वळवली. अनुपने तिसऱ्या रांगेत मान खाली घातलेली होती, तीही त्याला दिसली.

“अवं बाई, थकली काय?” माणिकबाई माइकशिवायच ओरडली. लोक हसले.

दीपमालाने कार्ड मिटल्यासारखं छातीशी धरलं आणि न वाचता बोलायला लागली, शाळेतल्या मराठीत नाही, घरातल्या. “कार्डावर हाय ते ऱ्हाऊ द्या. मी सांगते. अनुपभाऊवर म्या लिवलं, ते लय झालं, जागाच पुरेना. म्या आमच्या ह्यायले म्हतलं, जागा करा. ह्यायनं केली. एक शब्द नाई कापला.” ती थांबली. “कापाले येत होतं ह्यायले. नाई कापला. एवढंच सांगाचं होतं.”

ललित उठून पुढे गेला. तिने कार्ड दिलं, त्याने घेतलं. जवळून तिचे डोळे भरलेले दिसले, कशाने ते त्याला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस पुढे कधी होईल असंही वाटलं नाही. अकोल्यात बदललेला आणि परत फिरवलेला तो आकडा त्याच्या बोटांना आठवत होता. बायकोने आयुष्यात एकदा चारचौघांत त्याचं कौतुक केलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या कौतुकाला त्याने जागा करून दिली यासाठी. हातातल्या कार्डावर तिसऱ्या पट्टीवर आपोआप त्याचा अंगठा आला होता. टाळ्या जोरात झाल्या. मग हळूहळू ओसरल्या, लोक पुढच्या नावाची वाट बघायला लागले. एक माणूस तेवढा अजून टाळ्या वाजवत होता. ललितने वळून न बघताही ओळखलं, तो अनुप होता.